केळं, केयं आणि केला

(पत्र थोडं कमी करून दिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताई, नमस्कार.

मी 28 वर्षांची आहे. गाव अकोट तालुक्यात, घरची केळीची बाग. बारावीनंतर इंजिनीअरिंगला पुण्यात आले, त्याला आता दहा वर्षं झाली. हिंजवडीत नोकरी करते. पहिल्या वर्षी होस्टेलवर माझं 'मले', 'तुले', 'काय करून राह्यली' ऐकून मुली हसायच्या. मी आरशासमोर उभी राहून 'ण' आणि 'ळ' घोटवले. सहा महिन्यांत बोलणं बदललं. आज सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही की मी वऱ्हाडातली. खरं सांगायचं तर याचा मला अभिमान वाटायचा.

दोन महिन्यांपूर्वी आई पहिल्यांदाच माझ्याकडे पंधरा दिवस राहायला आली. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ऑफिसातल्या तिघी मैत्रिणी जेवायला होत्या. आईनं कढीगोळे केले होते, सगळ्यांना फार आवडले. जेवणानंतर आई केळ्यांची फणी घेऊन आली आणि म्हणाली, "केयं घ्या नं पोरीहो." एकीला कळलं नाही. मी पटकन म्हणाले, "अगं, केयं काय? केळं म्हण." मैत्रिणी हसल्या. वाईट हेतूनं नाही. आईही हसली. पण मग मैत्रिणी जाईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. पुढचे आठ दिवस शेजारच्या काकू, वॉचमन, भाजीवाला, कुणाशीच बोलेना. अकराव्या दिवशी म्हणाली, बाबांच्या जेवणाचे हाल होतात, आणि निघून गेली.

गावी गेले की उलटं होतं. चुलतबहिणी म्हणतात, "लयच पुनेकर झाली तू." मी वऱ्हाडी बोलायला गेले तर मलाच वाटतं की मी कुणाची तरी नक्कल करतेय. आणि एक गोष्ट. ऑफिसात मी दहा जणांसमोर उभी राहून बोलते. गावी बाबा आणि दादा शेताच्या कागदांचं बोलायला लागले की माझी मीच उठून चहा ठेवते. कुणी सांगत नाही.

मैत्रीण म्हणते, तुझी आयडेंटिटी क्रायसिस चालू आहे. वऱ्हाडी बोलणारी मी खरी आणि ही वरून चढवलेली, की ती कधीच संपली? खरी मी कशी शोधू? आणि माय आता फोनवरसुद्धा माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलते, त्याचं काय करू?

*

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण सगळं पत्र त्या ओळीसाठीच लिहिलंय असं मला वाटतं. वर सगळीकडे 'आई' आहे. शेवटी 'माय' आली. तू ते ठरवून केलं नसणार.

'खरी मी कोण' हा प्रश्न मोठा आणि पुस्तकी आहे, त्यामागे आरामात लपता येतं. 'मी माझ्या मायला तिघींसमोर गप्प केलं' हे वाक्य इतकं लहान आहे की त्यामागे लपायला जागाच नाही. मी दोन्हींबद्दल लिहिते, पण पहिल्याचं उत्तर सापडेपर्यंत दुसरं लांबवू नकोस. पहिल्याला काही जणांचा जन्म जातो.

आधी माझं सांगते. मी कोल्हापूरची. आमच्याकडे बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' म्हणतात. निदान माझ्या घरात, माझ्या गल्लीत सगळ्या तसंच म्हणायच्या. 1983 साली मी पुण्याला शिकायला आले. होस्टेलच्या पहिल्या संध्याकाळी हजेरी चालली होती, मला उशीर झाला, मी धावत जिन्यावरून ओरडले, "आलो, आलो!" अख्खी ओळ हसली. हजेरी घेणाऱ्या बाईंनी चष्मा खाली करून विचारलं, "मुलांचं होस्टेल पलीकडे आहे, माहीत आहे ना?" त्या रात्री मी पांघरुणात तोंड घालून पुटपुटत होते: आले, गेले, जेवले, झोपले. बाराखडी गिरवावी तसं.

दिवाळीला घरी गेले. दारात उभी राहून म्हटलं, "आजी, मी आले." आजी माजघरातून म्हणाली, "कोण पावणी आलीया गं?"

तुला दोन्हीकडून हसतात ना? मलाही हसायचे. त्यामुळे पुढचं सगळं मी लांबून, कोरड्या डोक्यानं सांगतेय असं समजू नकोस.

बरीच वर्षं माझी खात्री होती की 'आलो' म्हणणारी मी खरी आणि 'आले' म्हणणारी शिकवलेली. त्याचा पुरावाही मला मिळाला होता. पहिल्या बाळंतपणात कळा असह्य झाल्या तेव्हा मी किंचाळले, "मेलो गं आई!" पंधरा-वीस मिनिटं नुसतं मेलो, मेलो. तिथली नर्स नंतर बाळ माझ्या हातात देताना म्हणाली, "काय हो, पेशंट कोण होतं नक्की?" मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, बघा, जीव जायची वेळ आली तेव्हा खरी मी बाहेर आली.

आज मला ते पटत नाही. दुखलं की माणसाच्या तोंडून जुनं बाहेर येतं, एवढंच. लोक मनातल्या मनात पैसे मोजतात ते लहानपणीच्या भाषेत, शिव्या देतात त्याही बहुधा त्याच भाषेत. जे आधी आलं ते खोल बसलं. पण आधीचं म्हणजे खरं आणि नंतरचं म्हणजे खोटं, हा हिशेब कुणी घालून दिला? 'मेलो' तरी माझ्या आत कुठून आलं? तेही आई, आजी, गल्लीतल्या बायका यांच्याकडूनच आलं. तेव्हा मी दोन वर्षांची होते, मला कुणी विचारलं नव्हतं. 'आले' निदान मी स्वतः पांघरुणात बसून घोटलं.

तुझंही तेच. वऱ्हाडी तुझ्या आतली आणि पुणेरी बाहेरची, अशी वाटणी करून तू बसली आहेस. दोन्ही बाहेरूनच आल्या, एक पाळण्यात आणि एक होस्टेलात.

आता त्या 'ळ'चं बघू, कारण सगळी ठिणगी तिथे पडली आहे. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो: डोया, काया, नय, केयं. तू ऑफिसात दिल्ली-लखनौकडच्या सहकाऱ्यांशी हिंदीत बोलत असशील. तेव्हा केळ्याला काय म्हणतेस? 'केला'. प्रमाण हिंदीत 'ळ' नाहीच. तिथे 'ळ'च्या जागी 'ल'च असतो, आणि तुझ्या कॅन्टीनमध्ये आजपर्यंत कुणी हसलं नाही. म्हणजे 'ळ' न उच्चारण्यात स्वतःहून हसण्यासारखं काही नसतं. कोण उच्चारत नाही, यावर हसू येतं.

'शुद्ध' म्हणवून घ्यायचा मान कोणत्या बोलीला मिळायचा, ते कसं ठरलं तेही ऐक. इंग्रजांना कारभारासाठी आणि शाळांसाठी एक ठरीव मराठी हवी होती. मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 साली. शाळेची पुस्तकं तयार झाली ती मुंबई-पुण्याकडच्या शास्त्रीपंडितांच्या हातून आणि साहेबांच्या नजरेखाली. तेव्हा तुझा वऱ्हाड होता निजामाकडे. तो इंग्रजांच्या ताब्यात आला 1853 च्या तहानं, आणि तेव्हाही मुंबई इलाख्यात गेला नाही. ज्या बैठकीत 'शुद्ध' काय ते ठरलं, त्या बैठकीला तुझ्या पणजोबांच्या पणजोबांना आवतणच नव्हतं.

यावर कुणी तुला सांगेल की मराठीतलं जुन्यात जुनं मोठं गद्य, लीळाचरित्र, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलं ते तुमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेव्हा छाती पुढे काढून चाल. गोष्ट खरी आहे, आणि मला ती आवडतेही. पण तुझ्या दुखण्यावर ते औषध नाही. काल लोक हसतात म्हणून मान खाली, आज लोक वाहवा म्हणतील म्हणून मान वर. माप दोन्ही वेळा दुसऱ्याच्याच हातात. शिवाय तुझ्या आईला रिद्धपूरचं काय करायचंय? तिला पोरींना केळी द्यायची होती.

तुझ्या मैत्रिणीच्या 'आयडेंटिटी क्रायसिस'वरून आठवलं म्हणून सांगते. हा शब्द ज्यानं रूढ केला त्या मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनला लहानपणी असंच दोन्हीकडून चिडवलं जायचं. 1902 साली जर्मनीत जन्म, आई ज्यू, खरे वडील कोण ते त्याला कधीच कळलं नाही, सावत्र वडिलांचं आडनाव होंबुर्गर. पोरगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. ज्यूंच्या प्रार्थनास्थळातली मुलं म्हणायची हा आपल्यातला नाही, शाळेतली म्हणायची हा ज्यू. पुढे अमेरिकेचं नागरिकत्व घेताना, 1939 साली, त्यानं नवंच आडनाव घेतलं: एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. स्वतःच स्वतःचा बाप! पण नावाच्या मध्ये 'एच' तेवढा ठेवला, होंबुर्गरमधला. तो 'एच' मला फार आवडतो. कुणी सांगितला नव्हता, कुणी अडवलाही नसता.

आता तुझा अवघड प्रश्न. गावी वऱ्हाडी बोलताना तुला नक्कल केल्यासारखं का वाटतं, आणि तसं वाटलं म्हणजे ती तुझी उरली नाही का?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. विल्यम लबॉव्ह नावाचा भाषेचा तरुण अभ्यासक 1961 साली तिथे गेला आणि त्यानं बेटावरच्या 69 लोकांचं बोलणं टिपून घेतलं. बेटावर राहणारे सहाएक हजार, आणि उन्हाळ्यात मुख्य भूमीवरून पैसेवाल्या पाहुण्यांची झुंबड. मासेमारी बसत चाललेली, घरं पाहुणे विकत घेत होते. बेटावरच्या जुन्या लोकांची 'राइट', 'हाउस' यांतला जोडस्वर उच्चारायची एक खास लकब होती. खरं तर ती हळूहळू मरायला हवी होती. लबॉव्हला दिसलं की ती वाढते आहे. तीही म्हाताऱ्यांत नाही, तिशी-चाळिशीतल्या कोळ्यांत सर्वांत जास्त. ज्यांना बेट सोडायचं होतं त्यांच्यात ती कमी होती, ज्यांनी राहायचं ठरवलं होतं त्यांच्यात जास्त. एका आईनं त्याला आपल्या मुलाबद्दल सांगितलं की हा आधी असं बोलायचा नाही, कॉलेजातून परत आल्यापासून बोलायला लागला, धक्क्यावरच्या माणसांसारखं व्हावंसं वाटलं असेल त्याला.

त्या मुलाचं काय म्हणायचं? लकब बेटावरचीच, पण त्याच्या तोंडी ती शहर बघून आल्यावर बसली. तो नकली का? मला तर वाटतं, नुसतं वारशानं बोलणाऱ्यापेक्षा त्याचं बोलणं अधिक त्याचं आहे. दोन्ही बघून त्यानं एक घेतलं. म्हणजे तू वऱ्हाडीत बोलशील ते आता थोडं 'ठरवून' असणारच. दहा वर्षांनी परत आलेल्या माणसाचं तसंच असतं. चुलतबहिणी हसतील. हसू देत, चुलतबहिणींना दुसरं काम काय असतं!

(उलट बाजूही खरी. तू पुण्याचं बोलणं ठेवलंस, वऱ्हाडी फक्त घरापुरती राहिली, तरी कुणाचा काही गुन्हा केला असं होत नाही. गावाकडचं तेवढं सच्चं आणि शहरातलं सगळं बेगडी, हे पालुपद मला सोसत नाही. ते म्हणणारे बहुतेक जण शहरातच राहतात.)

तू केळीवाल्याची मुलगी, म्हणून एक विचारते. केळीचा खांब तू सोलून पाहिला असशील. कोणत्याही बागायतदाराच्या पोरीनं लहानपणी तो उद्योग केलेला असतो. आपल्याकडे फार पूर्वीपासून केळीच्या सोपटांचा दाखला देतात: एकेक सोपट काढत जा, शेवटी हातात काही उरत नाही, 'मी'चंही तसंच. दाखला सुंदर आहे, पण केळ न लावलेल्या माणसाचा वाटतो. बाबांना विचार. तो खांब म्हणजे खोड नव्हेच, पानांचे देठच एकमेकांवर गच्च गुंडाळलेले असतात. नवं पान नेहमी मधून येतं, पुंगळीसारखं, आणि आधीच्यांना बाहेर ढकलतं. आज जे सगळ्यात बाहेरचं, वाळकं सोपट आहे, ते कधीकाळी सगळ्यात आतलं कोवळं पान होतं. आणि ते पान वर येऊन कशावर वाढतं? बाहेरच्या उन्हावर, ठिबकच्या पाण्यावर, बाबांनी टाकलेल्या खतावर. आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, रेघ मारून दाखव मला. खरं खोड जमिनीखाली कंदात असतं, आणि निसवायची, म्हणजे फुलायची, वेळ आली की तेच सगळ्या सोपटांच्या मधून वाट काढत वर येतं आणि कमळ, म्हणजे केळफूल, बाहेर टाकतं. सोपटं सोलून काढलीस तर त्याला उभं राहायला आधारच राहत नाही.

म्हणून 'खरी मी शोधू कशी' याला माझं उत्तर असं की सोलू नकोस. तुझ्यात आतलं जे काही आहे ते सगळे थर काढल्यावर सापडणार नाही. थरांशी तू काय करतेस त्यात ते दिसतं. काय घेतलंस, काय टाकलंस, कशाची लाज वाटली, आणि नंतर कोणत्या लाजेची लाज वाटली. आई हसून गप्प झाली, ते त्या खोलीत किती जणींना दिसलं? तुला दिसलं. दोन महिने झाले तरी ते तुला झोपू देत नाही. ना होस्टेलनं ते शिकवलं, ना ऑफिसनं. हे जे टोचतंय ना, त्याला हवं तर 'खरी मी' म्हण.

आणि गावच्या त्या चहाचं. मला वाटतं तुझ्या पत्रातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे आणि तू ती जाता जाता टाकली आहेस. बाबा आणि दादा शेताच्या कागदांचं बोलायला लागले की तू 'तुझी तूच' उठतेस, 'कुणी सांगत नाही'. अगं, वीस वर्षं सांगून झालंय, म्हणून आता सांगावं लागत नाही. चहा ठेवणारी तू तुला अस्सल, मूळची वाटत असशील, आणि मीटिंगमध्ये बोलणारी कमावलेली. मग कमावलेली घरी घेऊन जा ना! पुण्यानं तुझा 'य' काढून घेतला असेल, पण तोंड उघडायलाही पुण्यानंच शिकवलं. बापाच्या जमिनीत मुलीचा वाटा असतो, हे तुला मी सांगायला नको. वाटा माग असंही मी म्हणत नाही. पुढच्या वेळी कागद निघाले की नुसती बसून राहा आणि विचार, "बाबा, सातबारावर काय लागलंय, बघू द्या." कोणत्याही बोलीत विचार. चहा दादाला ठेवू दे. घर पडत नाही, मी पाहिलंय.

आता माय.

तू लिहितेस की ती फोनवर पुस्तकातल्यासारखं बोलते. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. तू अठराव्या वर्षी आरशासमोर उभी राहून 'ळ' घोटलास. ती आता, नातवंडं खेळवायच्या वयात, तोच 'ळ' घोटते आहे, आणि तिचा आरसा तू आहेस. ती रागावलेली नाही. रागावली असती तर सोपं होतं, चार शब्द सुनावून मोकळी झाली असती. लेकीला आपल्यामुळे खाली बघावं लागू नये म्हणून बाई फोन उचलायच्या आधी शब्द जुळवत असेल.

तेव्हा फोन कर. एक-दोन गोष्टी मात्र करू नकोस. 'तू तुला हवं तसं बोल गं, मला काही वाटत नाही,' असं म्हणू नकोस. परवानगी देणारी तू कोण? आणि एकदम वऱ्हाडीतही सुरू होऊ नकोस. दहा वर्षं नीटनेटकं बोलणारी लेक अचानक 'मले-तुले' करायला लागली तर तिला पुन्हा चेष्टाच वाटेल. आणि ते 'सॉरी' नको. 'सॉरी' आपण लिफ्टमध्ये धक्का लागला तरी म्हणतो.

घडलं ते नाव घेऊन सांग. त्या शनिवारी मैत्रिणींसमोर मी तुला टोकलं, ते चुकलं माझं. एवढंच. ती म्हणेल, मले तं आठोतही नाही. सगळ्या आया म्हणतात. लगेच सुटका झाली असं समजून विषय बदलू नकोस, आणि रडारड करून तिच्यावर समजूत घालायचं कामही टाकू नकोस. क्षणभर दोघी गप्प राहिलात तरी चालेल. मग बागेचं विचार. पुण्याकडे ज्याला खुरपणी म्हणतात त्याला तुमच्याकडे निंदन म्हणतात. कापसात डवरणी झाली का, निंदनाला बाया मिळतात का, रोज काय घेतात, केळी निसवली का. या गोष्टींना तिच्याकडे दुसरे शब्दच नाहीत. पुस्तकी बोलणं तिथे आपोआप अडखळेल. बागेत चपला काढून चालतात तसं.

आणि त्या तिघींना पुन्हा बोलव, आई पुढच्या खेपेला येईल तेव्हा. त्याआधी त्यांना तू सांग, आईला नको. त्या दिवशी तुझ्या तोंडून जे वाक्य निघायला हवं होतं ते एवढंच होतं, "आमच्याकडे केळ्याला केयं म्हणतात." आईला सुधारायच्या ऐवजी मैत्रिणीला अर्थ सांगायचा. त्या खोलीत दोन्ही भाषा येणारी तू एकटी होतीस. आईला तुमचं निम्मं कळत होतं, मैत्रिणींना आईचं निम्मं. दुभाष्याची खुर्ची रिकामी होती आणि तू जाऊन बसलीस मास्तरणीच्या खुर्चीत. दहा वर्षांत तू कमावलंस काय, असं मला कुणी विचारलं तर मी ही रिकामी खुर्ची दाखवेन. ती तुझ्या चुलतबहिणींना मिळणार नाही, तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींनाही नाही.

शेजारच्या काकूंनाही जमलं तर सांग, की आई येणार आहे आणि तिला गप्पा लागतात. आठ दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. त्यांना वाटलं असेल बाई शिष्ट आहे.

एक राहिलं. फोनवर तिला 'आई' म्हणू की 'माय', असा प्रश्न तुझ्या मनात येणार, मला माहीत आहे. ते ठरवून बसू नकोस. नंबर लाव, तिकडून 'हॅलो' आलं की तोंडून जो शब्द निघेल तो निघू दे. कोणता निघाला ते मात्र मला कळव.

तुझी,
ताई